आठ आण्याचा कुत्रा आणि बांधावरचं भांडण

मागच्या महिन्यात एका वाचकाने विचारलं होतं, "शेजाऱ्याने माझ्या कुत्र्याला औषध घातलं, आता काय करू?" दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून ठेवून दिलं होतं. त्यात हा विषय माझ्याही घरातला आहे. आज पाऊस आहे, चिखलणी थांबलीय, तर बसून लिहितो. थोडा इतिहास सांगणार आहे, कंटाळू नका. तो आपल्या मुंबईचाच आहे आणि कामाचा आहे.

आधी माझं सांगतो. आमची जमीन गोराईला, बोरिवली तालुक्यात. खाडीपलीकडे इमारतींचं जंगल दिसतं आणि अलीकडे आम्ही अजून भात लावतो, भात निघालं की भाजीपाला. काळू आमचा राखणदार होता. रात्री मोकाट गुरं वांग्यात शिरली की पहिला आवाज त्याचा. २०२१ च्या हिवाळ्यात एका सकाळी तो विहिरीच्या कट्ट्याजवळ पडलेला सापडला. तोंडाला फेस, अंग थरथरतंय, डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. शेजारी अर्धवट खाल्लेलं सुकं बोंबील. त्याला लसणासारखा उग्र वास येत होता. ज्याने कधी थिमेटची पिशवी फोडलीय त्याला तो वास सांगावा लागत नाही. होडीने पलीकडे डॉक्टरकडे न्यायला निघालो, पण तो जेट्टीवरच गेला.

आठ दिवसांपूर्वी शेजारच्याशी कोंबड्यांवरून वाजलं होतं. काळूने त्याच्या दोन कोंबड्या धरल्या होत्या हे खरं. मी पैसे देतो म्हणालो आणि दिले नाहीत, हेही खरं.

मग मी काय केलं? काळूला चिंचेखाली पुरला आणि काठी घेऊन त्याच्या दारात गेलो. शिवीगाळ झाली, माणसं जमली. संध्याकाळी चौकीवर त्याने माझ्याविरुद्ध धमकीची तक्रार लिहून दिली. माझ्या हातात काय होतं? बोंबील मी रागात खाडीत फेकलं होतं, कुत्रा जमिनीत. तेव्हा त्यानेच घातलं असं मी आजही सिद्ध करू शकत नाही, म्हणून इथेही तसं म्हणत नाही.

आता १८३२ कडे चला.

तेव्हाची मुंबई म्हणजे कोट आणि त्याच्या बाहेरची वस्ती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही साष्टी बेटावरची भाताची गावं. पवईची जमीन १८२९ मध्ये फ्रामजी कावसजी बनाजी या पारशी शेटने सरकारकडून घेतली होती आणि तिथे ऊस, कापूस, रेशमासाठी तुती असे प्रयोग चालू होते. आज त्या भागात पाच गुंठे मोकळी जागा दिसली तरी लोक फोटो काढतात, असो. तर कोटात भटकी कुत्री फार झाली होती. पिसाळलेल्या कुत्र्याची भीती तेव्हा आजच्यापेक्षा मोठी, कारण लस नव्हतीच. पाश्चरची लस आली १८८५ मध्ये. म्हणून कंपनी सरकारने १८१३ पासून वर्षातल्या ठरावीक दिवसांत भटकी कुत्री मारायची मुभा ठेवली होती. १८३२ ला ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम.

इथेच घोळ झाला. कुत्र्यामागे रोख पैसे म्हटल्यावर मारणारा गळ्यात पट्टा आहे का, दारात बांधलाय का, हे बघत बसत नाही. रस्त्यावरचं कुत्रं पळतं, चावतं. घरचं कुत्रं शेपूट हलवत जवळ येतं. आठ आणे दोघांचे सारखेच. त्यामुळे लोकांच्या अंगणातून, घरातून पाळलेली कुत्री ओढून नेऊन मारल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. आपल्याकडे उंदराच्या शेपटीमागे पैसे ठेवले तर काय होईल याचा विचार करा, लगेच कळेल.

६ जून १८३२. पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी गोरे शिपाई कोटात कुत्री मारत फिरत होते. पारशी लोकांचा जमाव जमला आणि शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. पारशांबरोबर हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही होते. दुकानं बंद, आणि लष्कराच्या छावणीकडे जाणारं अन्नपाणी अडवलं गेलं. सरकार कुत्र्यांवर हलणार नव्हतं, पण पलटणीचा पाव-पाणी थांबल्यावर हललं. फौज आली, धरपकड झाली, पुढे खटले चालले आणि काहींना तुरुंगात जावं लागलं. इतिहासात याला 'मुंबईची कुत्र्यांची दंगल' म्हणतात. मुंबईतली ही अगदी सुरुवातीच्या दंगलींपैकी एक, आणि ती झाली कुत्र्यावरून.

पारशीच एवढे का पेटले, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यांच्या धर्मात कुत्र्याला मोठा मान. माणूस गेल्यावर त्याच्या देहावर कुत्र्याची नजर पडायला हवी, त्या विधीला सगदीद म्हणतात. आणि त्यांच्या वेंदिदाद या ग्रंथात कुत्र्यावर अख्खा अध्याय आहे, तेरावा. तो वाचताना मला वाटलं की हे कुणा धनगराने नाहीतर शेतकऱ्याने लिहिलंय. मेंढरांचा कुत्रा वेगळा, घर-गाव राखणारा वेगळा, प्रत्येकाचा मान वेगळा. कुत्र्यात कोणाकोणाचे गुण आहेत हे सांगताना त्यात शेतकऱ्याचाही गुण धरलाय, तो कोणता, तर झोप सावध. आणि राखणीच्या कुत्र्याला कुणी जखमी करून निकामी केलं आणि त्यामुळे चोर किंवा लांडगा येऊन जनावर घेऊन गेला, तर जखमेची शिक्षा तर आहेच, वर त्या गेलेल्या जनावराची भरपाईही त्यानेच करायची. कुत्र्याला वाईट अन्न घालणं हासुद्धा वेगळा गुन्हा, आणि तो घरच्या कर्त्या माणसाला वाईट अन्न वाढण्याइतका मोठा मानलाय. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या, कदाचित त्याहून जुन्या माणसाला कळत होतं की कुत्रा गेला म्हणजे नुसता कुत्रा जात नाही, राखण जाते. काळू गेल्यावर त्या हंगामात मोकाट गुरांनी माझी वांग्याची चार सरी खाल्ली, त्याचा हिशेब कुठल्याच पंचनाम्यात बसत नाही.

आपल्याकडेही काही कमी नाही. महाभारताच्या आदिपर्वात सरमा नावाची कुत्री राजा जनमेजयाच्या यज्ञमंडपात येऊन विचारते, माझ्या पोराने हविष्याला तोंड लावलं नाही, बघितलंसुद्धा नाही, मग त्याला मारलं का? कोणाकडे उत्तर नसतं. खंडोबाबरोबर कुत्रा, दत्ताच्या पायाशी चार कुत्रे. शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी साताऱ्याजवळ संगम माहुलीला आहे. आणि तरी आपल्याच बांधावर थिमेटचे बोंबील पडतात.

दंगलीनंतर जे झालं ते मला दंगलीपेक्षा महत्त्वाचं वाटतं. सर जमशेटजी जीजीभॉय (तेव्हा 'सर' व्हायचे होते) आणि इतर मोठे व्यापारी सरकारकडे अर्ज घेऊन गेले. मारू नका, पकडून बाहेर न्या, असं त्यांचं म्हणणं. आणि नुसतं म्हणून थांबले नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी आणि जैन शेट मोतीशा यांनी पुढाकार घेऊन मुंबईचा पांजरपोळ उभा केला, भुलेश्वरला. भटकी, म्हातारी, लंगडी जनावरं तिथे ठेवायची सोय झाली. आज आपण पांजरपोळ म्हटलं की गाईच आठवतात, पण त्याचं मूळ या कुत्र्यांच्या भांडणात आहे. दोघेही शेट चीनच्या अफूच्या व्यापारात होते हेही सांगून ठेवतो, नाहीतर कोणीतरी खाली लिहीलच. याच जमशेटजींच्या पत्नी अवाबाई यांच्या पैशातून १८४५ ला माहीमची खाडी ओलांडणारा रस्ता झाला आणि साष्टीतल्या माणसाला वांद्र्याहून माहीमला होडीशिवाय जाता आलं.

पुढे १८७४ मध्ये दिनशा पेटिट यांच्या पुढाकाराने प्राण्यांवरच्या क्रूरतेविरुद्धची संस्था मुंबईत निघाली, मग परळचं बाई साकरबाई यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल, आणि १८८६ मध्ये त्याच आवारात पशुवैद्यकीय महाविद्यालय. आज गावागावात जे डॉक्टर गाई-म्हशी तपासतात त्यांची मुंबईतली परंपरा इथून येते. महापालिका मात्र कुत्री मारत राहिली, ती थेट १९९४ च्या सुमारापर्यंत. त्यानंतर नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग धरला. तोवर अंधेरी १९५० मध्ये, बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये महापालिकेत आले होते, म्हणजे आमची गावंही त्या कायद्याखाली आली.

आता कायदा. १८६० च्या भारतीय दंड संहितेत जनावर मारण्याची दोन कलमं होती. ४२८ म्हणजे दहा रुपये किमतीचं जनावर मारलं, निकामी केलं किंवा विष घातलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा. ४२९ मध्ये हत्ती, उंट, घोडा, खेचर, म्हैस, बैल, गाय यांची नावं लिहिलेली, त्यांची किंमत कितीही असो, पाच वर्षांपर्यंत. कुत्र्याचं नाव नाही. तो 'इतर जनावरां'त, तेही पन्नास रुपये किमतीचा असेल तर. गावठी कुत्र्याची किंमत किती, हा प्रश्न मग यायचाच. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ३२५ मध्ये किमतीची अटच नाही. कुठलंही जनावर मारलं, विष घातलं, जायबंदी केलं, निकामी केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना गुन्हा नोंदवायला कोर्टाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही. विषारी पदार्थ निष्काळजीपणे ठेवल्याचं कलम २८६ वेगळं, कारण तो बोंबील एखाद्या पोरानेही उचलला असता. याउलट १९६० च्या प्राणिक्रूरता कायद्यात पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त दंड पन्नास रुपये आहे. पन्नास. म्हणून तक्रारीत फक्त तो कायदा लिहून घेतला तर आग्रहाने ३२५ घालायला सांगा.

त्या वाचकाला, आणि माझ्या तेव्हाच्या मूर्खपणाला, सांगायचं ते एवढंच: कुत्रा जिवंत असेल तर तासाचा प्रश्न असतो. लाळ, थरथर, बारीक बाहुल्या ही फॉस्फरसवर्गीय किंवा कार्बामेट कीटकनाशकांची लक्षणं, त्याला डॉक्टर अॅट्रोपीन देतात. मीठ-पाणी, तेल, दूध पाजत बसू नका, श्वासात गेलं तर जनावर तिथेच जातं. कुठलं औषध असेल याचा अंदाज डॉक्टरला सांगा, पिशवी सापडली तर ती न्या. कुत्रा गेला असेल तर पुरू नका. आधी फोटो, मग उरलेलं खाणं आणि ओकारी हातमोजे घालून स्वच्छ बरणीत, मग पोलिसांकडे लेखी तक्रार आणि त्यांच्या पत्रावर सरकारी पशुवैद्यकाकडून शवविच्छेदन. नमुने पोलिसांमार्फत न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातात, मुंबईत ती सांताक्रूझला कलिन्याला आहे. अहवालाला वेळ लागतो. पण अहवालाशिवाय तुमच्याकडे फक्त संशय असतो, आणि संशय घेऊन काठीने गेलात की तक्रारदाराचे आरोपी व्हायला एक संध्याकाळ पुरते.

फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात पूर्ण बंदी आहे. म्हणजे काळू गेला तेव्हाही ते कोणाच्या गोठ्यात असायला नको होतं. तरी असतं, माझ्याही गोठ्यात एक जुनी पिशवी निघाली. ती कृषी सहाय्यकांना विचारून दिली. तुमच्याकडे असेल तर खाडीत, ओढ्यात टाकू नका.

मी पुढे काय केलं तेही सांगतो. त्या दोन कोंबड्यांचे पैसे वर्षभराने नेऊन दिले. तो काही बोलला नाही, मीही नाही. पैसे मात्र त्याने मोजून घेतले. तक्रार पुढे सरकली नाही. काळूनंतर एक तांबडी कुत्री आणली, तिला रात्री लांब दोरीने मळ्यातच बांधतो, कोंबड्यांकडे जाऊ देत नाही, आणि परक्याच्या हातचं खाऊ नये म्हणून घरच्याच थाळीत, ठरल्या वेळेला खायला घालतो. भूक मारली की जमिनीवरचं उचलणं बरंच कमी होतं, पूर्ण थांबत नाही.

त्या वाचकाच्या कुत्र्याचा अहवाल अजून यायचा आहे. पुढच्या आठवड्यात वांग्यावरच्या शेंडा पोखरणाऱ्या अळीचे कामगंध सापळे किती उंचीवर लावले ते फोटोसकट टाकतो.