छप्पनचा दुकाळ

पांढुर्ण्याला आजी ताटात दाणा टाकू द्यायची नाही. "छप्पन साल पाह्यलं असतं तं टाकला नसता वं तू," म्हणायची. छप्पन म्हणजे विक्रम संवत १९५६, इंग्रजी १८९९-१९००. तिनंही ते सासूकडूनच ऐकलेलं.

पांढुर्णा, सौंसर हा भाग तेव्हा मध्य प्रांतातल्या छिंदवाडा जिल्ह्यात. १८८० च्या दुष्काळ आयोगानं धोरण ठरवून दिलं होतं: धडधाकटांनी खडी फोडावी, पोटापुरती मजुरी घ्यावी, धान्याच्या व्यापारात मात्र सरकारनं हात घालू नये. १८९६-९७ ला मध्य प्रांतात मदत अपुरी पडली, माणसं मेली. छप्पनला सरकारनं हात सैल सोडला, गावोगाव अन्नछत्रं उघडली. जुलै १९०० मध्ये प्रांतात २० लाखांहून जास्त माणसं मदतीवर होती. म्हणजे मनात आणलं तर जीव वाचवता येत होते.

पण भाव मोकळाच राहिला. आणि आमचं घर धान्याच्या दुकानदाराचं. पर्युषणात आम्ही उपास मोजतो, पारणं थाटानं करतो. त्या साली ज्यांच्या उपासाला पारणंच नव्हतं, त्यांना आमच्या कोठारातली ज्वारी काय भावानं मिळाली? एकदा आजीला विचारलं. ती सुपातले खडे वेचत राहिली.