‘ऑस्टिन सेव्हन’चें इंजिन

हर्बर्ट ऑस्टिन यांनीं १९२२ सालीं इंग्लंडांत बाजारांत आणलेली ‘ऑस्टिन सेव्हन’ ही बेताच्या मिळकतीची मोटार. तिचा आराखडा स्टॅन्ले एज या अठरा वर्षांच्या तरुणानें ऑस्टिन यांच्या घरीं, बिलियर्डच्या खोलींत बसून काढला! चार सिलिंडरांचें तिचें इंजिन लौकरच ७४७ घन सेंटिमीटरांचें झालें व अखेरपर्यंत तेवढेंच राहिलें.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या नव्या मोटारी मोठ्या प्रमाणांत परदेशीं जाऊं लागल्या. मग जुनी ‘सेव्हन’ घेऊन तिचें इंजिन घरींच नवें करणें पुष्कळांस भाग पडलें. तें साधलें, याचें श्रेय रचनेस आहे. सिलिंडरांचा ओतीव लोखंडी ठोकळा खालच्या ॲल्युमिनियमच्या पेटीवर बोल्टांनीं बसविलेला, वरचें झांकणही सुटें. ठोकळा हातांनीं उचलावा, पिस्टनच्या रिंगा बदलाव्या, व्हॉल्व्ह घासून पुन्हां बसवावे.

काटकसर अंगाशीं येई ती क्रँकशाफ्टच्या बाबतींत. जुन्या इंजिनांत ह्या दांड्यास दोन टोकांचींच बेअरिंगें; तिसरें आलें १९३६ सालीं. वेग वाढला कीं दांडा मध्यें लवे, आणि एखादे वेळीं मोडेही. मडकें घेतांना आपण तें वाजवून पाहतों. तसाच जुना दांडा टांगून, हलकेंच ठोकून, नादावरून त्याची चीर ओळखण्याची कारागिरांची रीत होती. नाद बद्द आला तर तो दांडा फुकट मिळाला तरी महागच.

पुढें ‘लोटस’ कंपनी काढणाऱ्या कॉलिन चॅपमन यांनीं १९४८ सालीं आपली पहिली गाडी उभारली, तीही अशाच एका जुन्या ‘सेव्हन’वर.