विहिरीत डोकावणारा डॉक्टर

आपल्या बॅचमधले डॉक्टर आता एकेक करून दवाखाना मुलासुनेच्या हाती देऊ लागले आहेत. ‘आता निवांत चित्रं काढणार,’ असं त्यातल्या दोघांनी बोलून दाखवलं, म्हणून मुंबईच्या डॉ. गीव्ह पटेल यांच्याविषयी हे चार शब्द.

1940 चा जन्म, ग्रँट मेडिकल कॉलेजचं शिक्षण, मग मध्य मुंबईत जनरल प्रॅक्टिस. चित्रकला ते आपली आपणच शिकले. तरी 1966 मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीत पहिलं प्रदर्शन भरलं आणि त्याच वर्षी इंग्रजी कवितासंग्रहही निघाला. मित्रांनो, निवृत्तीची वाट त्यांनी पाहिली नाही, हे लक्षात घ्या.

सुरुवातीची चित्रं माणसांची. पुढारी, लॅमिंग्टन रोडची गर्दी, बुडून मेलेली बाई. डॉक्टरच्या नजरेतून काही सुटत नाही. ठाण्याचे रेडिओलॉजिस्ट सुधीर पटवर्धन हेही असेच स्वतः शिकलेले. 2005 पर्यंत त्यांनी प्रॅक्टिस केली, पण चित्रात ते माणसांपाशी आणि शहरापाशीच राहिले. पटेल मात्र 1990 च्या दशकात विहिरीकडे वळले.

आपल्या नगर जिल्ह्यात विहीर म्हणजे दुष्काळाचं माप. पाथर्डी-पारनेरकडच्या पोरांनी थारोळ्यावरून वाकून किती परस पाणी उरलं तेवढंच पाहिलं. पटेलांच्या ‘लुकिंग इनटू अ वेल’ या मालिकेत पाहणारा तसाच वाकलेला आहे. काठाचे दगड, कपारीतली झुडपं, तळाशी आभाळाचा तुकडा. पाहता पाहता विहीर विरते आणि नुसते रंग अन् तरंग उरतात. अमूर्त चित्र ‘कळत नाही’ म्हणणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. आपल्याला ही जागा पाठ आहे.

2005 मध्ये त्यांनी प्रॅक्टिस थांबवली. पासष्टीच्या माणसाने मग हाती घेतलं ते शिल्प, म्हणजे पुन्हा नव्याने शिकणं. ब्राँझमध्ये त्यांनी डाफ्नी केली, ग्रीक कथेतली, पळता पळता झाड झालेली मुलगी. आणि एकलव्य केला. गुरूविना शिकलेल्या माणसाने उतारवयात एकलव्याचा हात घडवावा, याचं मला फार अप्रूप वाटतं. अर्थ ज्याने त्याने लावावा.

3 नोव्हेंबर 2023 रोजी ते पुण्यात वारले. नगरहून एसटीने तीन तासांवर.