‘रिप्लेस द डिस्क’: एका ओळीने आमचे अडीच हजार कसे घालवले

आजचा भाग जरा घरचा आहे.

२००२ साल. आम्ही मंचरला. घरात जुना पीसी, त्यावर विंडोज ९८. वडील त्यात दुधाचा हिशोब ठेवायचे. एके सकाळी पीसी चालू केला, तर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: ‘इनव्हॅलिड सिस्टिम डिस्क... रिप्लेस द डिस्क, अँड देन प्रेस एनी की.’ घरात इंग्रजी वाचणारा मी एकटा, सातवीतला. मी सांगितलं, “डिस्क बदला म्हणतोय.”

वडिलांनी बदलली. बटाट्याच्या पट्टीतले अडीच हजार रुपये गेले. दुकानदाराने पीसी परत दिला, सोबत एक फ्लॉपी. “ही आत राहिली होती,” म्हणाला.

बस्स, एवढंच झालं होतं! पीसी चालू झाला की आधी फ्लॉपी बघायचा. फ्लॉपीच्या पहिल्या ५१२ बाइट्समध्ये एक छोटा प्रोग्रॅम असतो. त्याला फ्लॉपीवर विंडोज सापडलं नाही की तो ही ओळ दाखवतो. म्हणजे ते वाक्य फ्लॉपीतूनच येत होतं. हार्ड डिस्क बिचारी ठणठणीत होती.

मग मराठीत का नाही सांगितलं? जर्मन विंडोजवर हीच ओळ जर्मनमध्ये यायची. आपली अडचण वेगळी होती. सुरुवातीला विंडोज जागं झालेलं नसतं, फाँट नसतात. डिस्प्ले कार्डात कोरलेली २५६ अक्षरचिन्हं, प्रत्येकाला सारख्याच मापाचा चौकोन. त्यात ‘क्ष’ बसवा, ‘कि’ची वेलांटी आधी काढा, रफार वर चढवा... जमणार कसं?

उत्तर आपल्याच जिल्ह्यात तयार होत होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं ‘जिस्ट’चं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने पुढे नेलं. पीसीत जिस्ट कार्ड बसवलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसायची. कमाल काम, पण ते कार्ड प्रत्येक पीसीत नव्हतं. आमच्यात तर नव्हतंच.

आता तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन घ्या. चालू होताना लोगो दिसतो. मागे लिनक्स कर्नलच्या शेकडो ओळी धावत असतात, सगळ्या इंग्रजीत, फक्त झाकलेल्या. अँड्रॉइडच्या रिकव्हरीत ‘अपडेट होतंय’ हे वाक्य आपल्या भाषेत येऊ शकतं, पण ते टाइप केलेलं नसतं. प्रत्येक भाषेतलं वाक्य आधीच चित्र म्हणून काढून ठेवलेलं असतं, कारण अक्षरं जुळवणारी यंत्रणा तिथे नसते. जुगाडच म्हणा! खालच्या तपशिलाच्या ओळी मात्र इंग्रजीच.

म्हणून गावाकडून कुणी “फोन अडकला” म्हटलं, की मी आधी पडद्याचा फोटो मागवतो. वाचून दाखवू नका म्हणतो.

वडिलांना ही फ्लॉपीची गोष्ट मी गेल्या वर्षी सांगितली. पैशांचं त्यांनी काही विचारलं नाही.

“मग ती जुनी डिस्क कुठंय?” म्हणाले. “दोन वर्षांचा हिशोब होता तिच्यात.”