तळटीप २३ : रोझेल

२३. रोझेल : न्यूयॉर्कजवळचे, न्यू जर्सी राज्यातले छोटे गाव. आनंदीबाईंच्या ‘कार्पेंटरमावशी’, म्हणजे थिओडोशिया कार्पेंटर, इथल्याच. जून १८८३ मध्ये अमेरिकेत उतरल्यावर फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयात जाईपर्यंत आनंदीबाई त्यांच्याच घरी राहिल्या. इतक्या लहान गावात विजेचे दिवे कसे, असा प्रश्न वाचकाला पडेल. पण मजकुरातला या दिव्यांचा उल्लेख बरोबर आहे. खांबांवरून तारा ओढून एकाच केंद्रातून अख्ख्या गावाला वीज देण्याचा एडिसनचा पहिला प्रयोग रोझेललाच झाला. १९ जानेवारी १८८३ रोजी दिवे लागले, आनंदीबाई पोचण्याच्या जेमतेम साडेचार महिने आधी. रस्ते, दुकान आणि घरे उजळली. पाठोपाठ प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये विजेचे झुंबर लागले. मजकुरात पुढे आलेले ‘क्लार्क’ म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारे अब्राहम क्लार्क (१७२६–१७९४). त्यांचा जन्म याच परिसरातला. गावच्या हायस्कूलला आज त्यांचे नाव आहे. रोझेल स्वतंत्र बरो झाले ते १८९४ मध्ये. त्यापूर्वीच्या नोंदी अभ्यासकांनी लिंडेन टाउनशिपच्या कागदपत्रांतही पाहाव्यात. — संपा.