रोजकीर्द

रोजकीर्द : दररोजचे व्यवहार ज्या क्रमाने घडतील त्याच क्रमाने, मागील मजकुरात फेरफार न करता, नोंदत जाण्याची वही. कीर्द हा फार्सीतून मराठीत रूढ झालेला शब्द असून व्यापारी पेढीत तिलाच रोजमेळ असेही म्हणतात. पेशवाईत मात्र रोजकीर्दीत केवळ पैशाचा जमाखर्च नसे. सनदा, आज्ञापत्रे, नेमणुका, इनामे यांच्या नोंदीही तीत होत. त्यामुळे जमाखर्चाची वही आणि राज्यकारभाराची दैनंदिनी अशी दोन्ही कामे ती करी.

स्वरूप : रोजकीर्दीच्या मुळाशी एक व्यावहारिक अडचण आहे. दिवसभरात किती व्यवहार होतील आणि ते कोणकोणत्या खात्यांत पडतील, हे सकाळी वही उघडणाऱ्या कारकुनास ठाऊक नसते. सर्व व्यवहार मनात साठवून नंतर वर्गवार लिहावे म्हटले, तर स्मरणशक्ती पुरत नाही. प्रत्येक खात्याचे पान एकाच वेळी उघडे ठेवावे म्हटले, तर बैठकीवर जागा पुरत नाही. यावर काढलेला तोडगा म्हणजे लेखनाचे दोन टप्पे. पहिल्या टप्प्यात तारखेखाली आरंभीची शिल्लक मांडून व्यवहार येईल तसा लिहावयाचा. दुसऱ्या टप्प्यात, सवडीने, त्याच नोंदी एकेका खात्याच्या पानावर उतरावयाच्या. यास खतावणी म्हणतात. समजा, आरंभीची शिल्लक १२० रु., दिवसाची जमा ८० रु. व खर्च ६५ रु. असेल, तर अखेरची शिल्लक १३५ रु. होते. दुसऱ्या दिवशीच्या लेखनासाठी कारकुनाने मागील सर्व पानांपैकी एवढा एकच आकडा पुढे आणला म्हणजे पुरे. वही कितीही वाढली, तरी लक्षात ठेवावयाचा भाग वाढत नाही, हे या पद्धतीचे मुख्य वैशिष्ट्य होय.

या रचनेस एक मर्यादाही आहे. तेरजेत म्हणजे गोषवाऱ्यात पुष्कळदा आधी एकूण रक्कम आणि मग ‘पैकी’ म्हणून खाली तपशील मांडतात. अशी मांडणी वाचणाऱ्यास सोयीची, पण लिहिणाऱ्यास अवघड. कारण तपशील संपल्यावाचून बेरीज कळत नाही. म्हणून अशा कागदासाठी प्रथम कच्चे टिपण करून मग पक्का लेख तयार करावा लागे. रोजकीर्दीत बेरीज शेवटी येत असल्याने ती एका दमात लिहिता येते.

लेखनतंत्र : रोजकीर्दी मोडी लिपीत लिहिल्या जात. मोडीत प्रथम ओळीची आडवी रेघ ओढून तिच्याखाली बोरू शक्य तितका न उचलता अक्षरे काढीत जातात. शब्दांमध्ये जागाही सोडीत नाहीत. लेखन सलग असल्याने मजकूर कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे दाखविणाऱ्या खुणांना महत्त्व आले. रकमेचा आकडा आधी व तपशील नंतर लिहिण्याचा प्रघात होता; पाव, अर्धा व पाऊण रुपया उभ्या दंडांनी दाखवीत. लांब लेखासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत आणि जोडावर मागील बाजूस शिक्का उठवीत. त्यामुळे मधला बंद काढून दुसरा घालणे कठीण होई. मजकुराच्या शेवटी मोर्तब म्हणजे लेखनाची मर्यादा दाखविणारी लहान मुद्रा करीत. तिच्यापुढे वाढविलेला मजकूर अग्राह्य ठरे. दफ्तरात नोंद झाल्याची खूण म्हणून पत्राच्या पाठीवर ‘बार’ असा शेरा येई. हुंडीत रक्कम आकडी व अक्षरी लिहून शिवाय तिची निमी रक्कमही नमूद करीत. ही पुनरुक्ती हेतुपुरस्सर असे. एका जागी चूक वा लबाडी झाली, तर दुसऱ्या जागी ती उघडी पडे.

पेशवे दफ्तर : हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत या यादवांच्या प्रधानाकडे मोडीचे व दफ्तरी पद्धतीचे जनकत्व परंपरेने दिले जाते, तथापि त्याबाबत अभ्यासकांत एकमत नाही. या पद्धतीचे विकसित रूप अठराव्या शतकात पुण्याच्या हुजूर दफ्तरात दिसते. तेथे फडावरून आज्ञा सुटत, चालत्या कीर्दीत दैनंदिन नोंद होई आणि एकबेरीज दफ्तरात त्याच नोंदींची वर्गवार खतावणी होऊन वार्षिक गोषवारे तयार होत. गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले व विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेले सातारकर राजे आणि पेशवे यांच्या रोजनिशीतील उतारे हे मुख्यतः अशा नोंदींवर आधारलेले आहेत. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) ही शिस्त ढासळली आणि नोंदी अपुऱ्या राहू लागल्या.

खानदेशातील परिणाम : नोंदींतील खंड हा केवळ दफ्तरापुरता प्रश्न नव्हता. १८०२ नंतरच्या होळकरी स्वाऱ्या, १८०३–०४ चा दुष्काळ आणि पाठोपाठची लूटमार यांनी खानदेशातील अनेक गावे ओस पडली होती. १८१८ मध्ये इंग्रजांचा अंमल आल्यावर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळे हे ठाणे केले. जमिनीवरील जुन्या हक्कांचा निवाडा करताना पाटील, कुलकर्णी व देशपांडे यांच्याजवळील कागद आणि पुण्याचे दफ्तर यांचा आधार घेणे प्राप्त झाले. १८५२ च्या अकराव्या अधिनियमाने दख्खन, खानदेश व दक्षिण मराठा मुलूख यांतील इनामांच्या चौकशीस कायद्याचे रूप मिळाले. इनामदाराजवळची सनद दफ्तरातील नोंदीशी ताडून पाहिली जाऊ लागली. नोंद सापडली, तर हक्क टिकण्याची आशा; न सापडली, तर पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाटही संशयास्पद ठरे. त्याच वर्षी जमीनमोजणीच्या विरोधात यावल, सावदा, फैजपूर, एरंडोल या भागांत लोकक्षोभ उसळला. सरकारी वहीत आपल्या शेताची नोंद कशी होते यावर कुटुंबाचे भवितव्य अवलंबून आहे, हे रयतेने ओळखले होते.

पुढे लोहमार्ग आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातील (१८६१–६५) कापसाची तेजी यांमुळे जळगाव परिसरात व्यापारी पेढ्या वाढल्या. मुनिमाची रोजकीर्द, तीवरून होणारी खतावणी आणि दिवाळीतील वहीपूजन हा या पेढ्यांचा परिपाठ झाला.

इतिहाससंशोधनातील महत्त्व : इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेतून (पहिला खंड १८९८) अस्सल कागदांना इतिहासाचा पाया मानण्याचा आग्रह धरला. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले व तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये धुळे येथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. अशा संग्रहांतील रोजकीर्दीचे मोल तिच्या क्रमात आहे. बखरकार घटना घडून गेल्यावर, शेवट ठाऊक असताना लिहितो. रोजकीर्द लिहिणाऱ्यास उद्याची गोष्ट माहीत नसते. म्हणूनच तिची साक्ष अधिक निर्लेप ठरते. याउलट तिचे सुटे झालेले पान तारीख व मागील शिल्लक यांचा संबंध तुटताच जवळजवळ मुके होते.

तुलना व आधुनिक रूपे : इटालियन गणितज्ञ लूका पाचोली याने १४९४ च्या आपल्या ग्रंथात कच्ची वही, रोजकीर्द व खतावणी अशा तीन वह्यांची पद्धत वर्णिली आहे, तिचे मराठी पद्धतीशी साम्य लक्षणीय आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकांतही हेच तत्त्व आले. चुंबकीय फितीवर माहिती क्रमानेच लिहावी लागे व यंत्राची स्मृती तोकडी असे. आजही फार मोठी संरचित माहिती लिहिताना संगणक ती सर्व स्मृतीत न साठविता नोंदीमागून नोंद बाहेर पाठवितो आणि उघडलेले पण अद्याप न मिटलेले विभाग तेवढे लक्षात ठेवतो. शेवटची खूण उमटली नाही, तर लेख अपुरा समजला जातो. मोर्तबाचे कार्यही हेच होते. महसूल खात्यातील गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, ही याच कुळातील आहे. तीत फेरफार क्रमांकाने नोंदले जातात आणि ते प्रमाणित झाल्यावर सात-बाराच्या उताऱ्यावर त्यांचा अंमल दिला जातो. उतारा आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे फेरफाराची वहीच सांगू शकते.

मोडीचा व्यवहारातील वापर विसाव्या शतकाच्या मध्यानंतर संपुष्टात आला आणि ती वाचणाऱ्यांची संख्या घटत गेली. रुमालात बांधलेल्या रोजकीर्दी सुरक्षित राहिल्या, तरी वाचक नसेल तर त्या अबोलच राहतील. म्हणून त्यांच्या जतनाइतकेच, त्यांतील पानांचा मूळ क्रम न मोडता वाचन व सूचीकरण करण्याचे कामही अगत्याचे आहे.