पोंसचा डॉक्टर : एमील कोंब

पश्चिम फ्रान्समध्यें बोर्दोच्या उत्तरेस पोंस नांवाचें एक लहानसें गांव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें एक ठेंगणा डॉक्टर आसपासच्या रोग्यांवर उपचार करीत असे. पुढें तोच फ्रान्सचा मुख्य प्रधान झाला. एका पक्षानें त्यास प्रजासत्ताकाचा त्राता मानिलें, दुसऱ्यानें धर्माचा वैरी म्हणून शाप दिले. एमील कोंब ह्याचें चरित्र आमच्या वाचकांस फारसें परिचित नसेल. परंतु राज्यसत्ता आणि श्रद्धा ह्यांच्या झगड्याचा विचार ज्यांस करावयाचा आहे, त्यांनीं तें अवश्य पाहावें.

कोंब हा चर्चच्याच कुशींत वाढला होता. ६ सप्टेंबर १८३५ रोजीं तार्न प्रांतांतील रोक्कूर्ब येथें एका गरीब शिंप्याच्या घरीं त्याचा जन्म झाला. मुलें पुष्कळ, मिळकत थोडी. तेव्हां पुरोहित असलेल्या एका आप्तानें त्याच्या शिक्षणाचा भार उचलून त्यास धर्मोपदेशकांच्या विद्यालयांत घातलें. मुलगा बुद्धीनें तीक्ष्ण निघाला. परंतु दीक्षा देण्यास तो योग्य नाहीं, असें गुरुजनांस वाटलें. नीम येथें असम्प्शन संघाच्या विद्यालयांत त्यानें कांहीं काळ शिकविलें, व १८६० सालीं संत थॉमस अक्वायनसच्या मानसशास्त्रावर प्रबंध लिहून साहित्याची डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढें चर्चवरील त्याची श्रद्धा ढळली. पोंस येथें अध्यापन करीत असतां त्यानें विवाह केला, नंतर पॅरिसला जाऊन वैद्यकाचा अभ्यास केला, आणि १८६८ सालीं तो वैद्य होऊन पोंसला परतला.

त्या काळीं फ्रेंच खेड्यांत प्रत्येक घराचा उंबरठा ओलांडण्याचा अधिकार दोघांस असे : पाद्र्यास आणि डॉक्टरास. जन्म, आजार व मृत्यु ह्या तिन्ही प्रसंगीं दोघांची गांठ पडे. पाद्र्याचा कल बहुधा राजसत्तेकडे, डॉक्टराचा पुष्कळदां प्रजासत्ताकाकडे. त्यामुळें रोग्याच्या उशाशीं मिळविलेला विश्वास निवडणुकीच्या दिवशीं मतपेटींत उतरे. कोंब १८७६ सालीं पोंसचा नगराध्यक्ष झाला, आणि १८८५ सालीं सेनेटचा सभासद.

ड्रेफस प्रकरणानें देश दुभंगला तेव्हां कित्येक धर्मसंघांनीं प्रजासत्ताकाविरुद्ध उघड पक्ष घेतला. ज्या असम्प्शन संघाच्या विद्यालयांत कोंबनें शिकविलें होतें, त्याचेंच ‘ला क्रुआ’ हें पत्र ज्यूंच्या द्वेषांत अग्रेसर होतें. १९०१ सालीं वाल्देक-रूसोच्या मंत्रिमंडळानें धर्मसंघांस सरकारी परवानगीची अट घातली. १९०२ च्या जूनमध्यें वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं कोंब मुख्य प्रधान झाला, आणि त्यानें ह्या कायद्याचें शस्त्र केलें. परवानगी नसलेल्या शाळा धडाधड बंद झाल्या. ब्रिटनींत गांवकरी शाळांच्या दारांत आडवे उभे राहिले. १९०३ च्या एप्रिलांत ग्रांद शार्त्रझच्या मठांतून संन्याशांस सैनिकांकरवीं बाहेर काढण्यांत आलें. १९०४ च्या जुलैमध्यें धर्मसंघांस शिकविण्याचीच मनाई झाली, आणि त्याच महिन्यांत व्हॅटिकनशीं असलेले राजनैतिक संबंध तुटले. समाजवादी जोरेसचा त्यास भक्कम पाठिंबा होता.

असें असतां १९०३ च्या जानेवारींत ह्याच पुरुषानें लोकसभेंत आपल्याच पक्षास चकित केलें. धर्मभावनेवांचून नुसत्या शालेय नीतिपाठांवर राष्ट्राचें शील उभें राहणार नाहीं, असा त्याच्या भाषणाचा आशय होता. डाव्या बाकांवर खळबळ उडाली. कोंब नास्तिक नव्हता. ईश्वर आणि आत्मा ह्यांवर त्याचा विश्वास शेवटपर्यंत राहिला. कार्मेल संघाच्या एका मठाध्यक्षिणीशीं, राजकन्या बिबेस्को हिच्याशीं, त्याचा स्नेहाचा पत्रव्यवहारही होता.

परंतु ज्यास स्वतःच्या अंतःकरणांतील ही गुंतागुंत ठाऊक होती, त्याच्याच राजवटींत इतरांच्या अंतःकरणाची मोजदाद चिठ्ठ्यांवर झाली. युद्धमंत्री जनरल आंद्रे ह्याच्या कचेरीनें फ्रीमेसन मंडळींकडून सैन्यांतील अधिकाऱ्यांची गुप्त माहिती गोळा केली : हा प्रार्थनेस जातो काय, ह्याचीं मुलें कोणत्या शाळेंत शिकतात. ह्या नोंदींवर बढत्या ठरत. २८ ऑक्टोबर १९०४ रोजीं हें लोकसभेंत उघडकीस आलें, आणि प्रजासत्ताकाच्या खऱ्या मित्रांचीही मान खालीं गेली. ड्रेफसच्या वेळीं ज्या गुप्त कागदांचा त्यांनीं धिक्कार केला होता, तेच कागद आतां त्यांच्या स्वतःच्या कपाटांत निघाले. कोंबचें बहुमत अगदीं निसटतें उरलें. १९०५ च्या जानेवारींत त्यानें राजीनामा दिला.

चर्च आणि राज्य विभक्त करणारा कायदा ९ डिसेंबर १९०५ रोजीं झाला. पण तो कोंबच्या मसुद्याप्रमाणें नव्हे. त्याचा मसुदा कठोर होता. ब्रियांनें, जोरेसच्या साह्यानें, श्रद्धाळूंस सांवरून घेणारा सौम्य कायदा घडविला, आणि तोच टिकला. एका पिढीनें जो रस्ता खणला, त्यावरून चालण्याजोगी वाट दुसऱ्यांनीं बांधिली.

कोंब १९१९ पर्यंत पोंसचा नगराध्यक्ष राहिला, व २५ मे १९२१ रोजीं तेथेंच वारला. १९२८ सालीं त्याच्या पुतळ्याच्या अनावरणप्रसंगीं राजपक्षीयांनीं दंगा केला. वैर मृत्यूनेंही शमलें नाहीं. त्याच्या हेतूंतील निःस्वार्थता मान्य करूनही एक खंत उरते. पोंसचा डॉक्टर रोग्याची नाडी स्वतः पाहून निदान करीत असे. पॅरिसचा प्रधान दुसऱ्यांनीं लिहिलेल्या चिठ्ठ्या वाचून माणसें पारखूं लागला. सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य ज्यास स्थापावयाचें आहे, त्यानें दुसऱ्याच्या देव्हाऱ्यांत डोकावण्याचा मोह आधीं आवरला पाहिजे.